जर्मनी आणि दोन महायुद्धं: वाचायला सुरुवात कुठून करायची?

'जर्मन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो स्वयंपाकघरात. आजीकडे पितळेची, स्टीलची आणि जर्मनची अशी तीन तऱ्हेची भांडी होती, आणि 'जर्मनच्या पातेल्यात ताक ठेवू नका गं' हे तिचं रोजचं वाक्य. त्या नावाचा एक देश आहे आणि त्याने दोनदा जग पेटवलं, हे पुढे कळलं, तेही फुटपाथवर. कॉलेजात असताना मुंबईत फोर्टातल्या एका पदपथावर विल्यम शायररचं 'द राइज अँड फॉल ऑफ द थर्ड राइख' घासाघीस करून घेतलं. हजाराच्या वर पानं. शंभरावं पान यायच्या आत हिंडेनबुर्ग, लुडेनडोर्फ, पापेन, श्लायशर ही मंडळी डोक्यात अशी कालवली गेली की मी हात टेकले. दोन पावसाळे ते पुस्तक खिडकी आपटू नये म्हणून तिला टेकवलेलं होतं. शायररची काही चूक नव्हती. मीच मध्यंतरानंतर सिनेमाला जाऊन बसलो होतो.

पुढे बऱ्याच वर्षांत, बरंच चुकत, वाचण्याचा एक क्रम हाताला लागला. कुणी विचारलं की तोच सांगतो. त्याच्याबरोबर एक प्रश्नही देतो, कारण क्रमापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो: हे पुस्तक कधी लिहिलं, आणि तेव्हा लेखकाला काय बघायला मिळालं होतं? या विषयावरचं कुठलंही पुस्तक उघडताना आधी हे विचारायचं.

आधी नकाशा आणि एक वही

पुस्तकाच्या आधी नकाशे. युरोपचे चार नकाशे शोधून छापून घ्या: १९१४, १९१९, १९३८ आणि १९४५ नंतरचा. त्यांच्यावाचून पुढचं काहीच जागेवर बसत नाही. ज्या डान्झिगवरून १९३९ मध्ये ठिणगी पडली ते आज पोलंडमधलं ग्दान्स्क आहे. ब्रेस्लाऊ आता व्रोत्सवाफ. तत्त्वज्ञ कांटचं क्योनिग्सबेर्ग आज रशियात, कालिनिनग्राद नावाने. आणि लेम्बेर्ग, ल्वूफ, लिव्हिव ही तीन शहरं नसून एकच आहे, हे मला वर्षभर कळलं नव्हतं.

वहीत दोनच गोष्टी टिपायच्या. एका बाजूला माणसांची नावं आणि प्रत्येकापुढे एक ओळ. दुसऱ्या बाजूला तारखा. सुरुवातीला पाच पुरेत: १८ जानेवारी १८७१ (व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची घोषणा), ११ नोव्हेंबर १९१८ (युद्धबंदी), ३० जानेवारी १९३३ (हिटलर चान्सलर, म्हणजे सरकारचा प्रमुख), २२ जून १९४१ (रशियावर चढाई), ८ मे १९४५ (शरणागती). बाकीच्या तारखा वाचता वाचता आपोआप यांच्या मधे येऊन बसतात.

पहिलं पुस्तक मराठी असू द्या

इंग्रजी कितीही सराईत असलं तरी सुरुवात मराठीतून करावी, असं माझं मत आहे. परकी नावं, परकी गावं, परके पक्ष. त्यात भाषाही परकी नको. वि. ग. कानिटकरांचं 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' घ्या. मराठी घरांत दोन-तीन पिढ्या या पुस्तकावर वाढल्या आहेत. गोष्ट सांगण्याची हातोटी अशी की एका बैठकीत पन्नास पानं सहज उलटतात. त्याच्या जोडीला वि. स. वाळिंब्यांचं 'वॉर्सा ते हिरोशिमा', म्हणजे दुसऱ्या महायुद्धाचा आराखडा डोक्यात तयार होतो. ही पुस्तकं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. गावोगावच्या जुन्या वाचनालयांत ती असतात, बहुधा पुन्हा बांधलेली, आणि समासात आधीच्या वाचकाने पेन्सिलीने घातलेल्या वादासकट.

फक्त तिथेच मुक्काम करू नका. आमच्याकडे पुष्कळ लोकांचं जर्मनीचं वाचन कानिटकरांच्या या एका पुस्तकापाशी सुरू होऊन तिथेच संपतं, आणि मग चाळीस वर्षं तीच वाक्यं चहाच्या टेबलावर फिरत राहतात. जुन्या पुस्तकांना त्यांच्या काळाची मर्यादा असते. पूर्व युरोपातली आणि रशियातली दप्तरं १९९० च्या आसपास उघडू लागली, आणि त्याआधी लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकात, ते मराठी असो की इंग्रजी, एक अख्खी खोली अंधारातच राहिलेली आहे.

हिटलरच्या आधीही जर्मनी होता

हा टप्पा लोक गाळतात. गाळू नका, पण रेंगाळूही नका. मेरी फुलब्रुकचं 'अ कन्साइज हिस्टरी ऑफ जर्मनी' हे आटोपशीर पुस्तक पुरतं. बिस्मार्कने राज्यं कशी जोडली, प्रशिया म्हणजे काय, कॅथलिक दक्षिण आणि प्रोटेस्टंट उत्तर यांचं का पटत नव्हतं, एवढं समजलं की पुढे चला.

पहिलं महायुद्ध: एक प्रश्न, तीन उत्तरं

युद्ध कुणी सुरू केलं? या प्रश्नावर तीन पुस्तकं एकापाठोपाठ वाचली तर इतिहास कसा लिहिला जातो याचा वर्गच भरतो.

पहिलं बार्बरा टकमनचं 'द गन्स ऑफ ऑगस्ट', १९६२ चं. ऑगस्ट १९१४ हा एकच महिना, पण कादंबरीसारखा. क्युबातल्या क्षेपणास्त्रांच्या पेचात केनेडींच्या मनात हे पुस्तक होतं, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. खोट एवढीच की बाल्कन प्रदेश त्यात जवळजवळ नाहीच. ज्या सर्बियावरून सगळं पेटलं तो पडद्याआड.

दुसरं फ्रिट्झ फिशरचं, मूळ जर्मन १९६१ चं, इंग्रजीत 'जर्मनीज एम्स इन द फर्स्ट वर्ल्ड वॉर'. फिशर हा हाम्बुर्गचा प्राध्यापक. त्याने सरकारी दप्तरं उपसली आणि सप्टेंबर १९१४ चा एक मसुदा पुढे ठेवला: जिंकल्यावर बेल्जियमचं काय करायचं, फ्रान्सला कसं कायमचं दुबळं करायचं, सगळं कलमवार. 'आम्ही यात ओढले गेलो' असं समजत आलेल्या जर्मनीत गहजब झाला. १९६४ मध्ये त्याच्या अमेरिकेतल्या व्याख्यानदौऱ्याचे पैसे जर्मन परराष्ट्र खात्याने काढून घेतले. पुस्तक रटाळ आहे, हे आधीच सांगून ठेवतो. सगळं वाचायची गरज नाही. प्रस्तावना आणि त्या मसुद्याचं प्रकरण वाचलं की बास.

तिसरं ख्रिस्तोफर क्लार्कचं 'द स्लीपवॉकर्स', २०१२ चं. हे बेलग्रेडमध्ये सुरू होतं. १९०३ च्या जूनमध्ये एका रात्री सर्बियाचे लष्करी अधिकारी राजवाड्यात घुसून स्वतःच्याच राजाराणीला ठार मारतात. टकमनने जे पडद्याआड ठेवलं तेच इथे रंगमंचाच्या मधोमध. क्लार्कच्या मते दोष सगळ्या राजधान्यांत वाटलेला होता. जर्मनीत हे पुस्तक धो धो खपलं. का खपलं असेल, ते फिशर वाचलेल्याला सांगावं लागत नाही.

मराठीत याच काळाची वेगळी बाजू पाहायची तर गिरीश कुबेरांचं 'युद्ध जिवांचे' वाचा. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी क्लोरीन हा विषारी वायू सोडला. त्यामागे फ्रिट्झ हाबर हा रसायनशास्त्रज्ञ होता, ज्याच्या शोधामुळे जगाला कृत्रिम खतं मिळाली.

१९३३ कसं घडलं, इथे सर्वांत जास्त वेळ द्या

आपल्याकडे ठरलेलं उत्तर असं: व्हर्सायचा जाचक तह, मग पोतंभर नोटा देऊन पाव घ्यायचे दिवस, आणि म्हणून हिटलर. ऐकायला सरळ आहे, पण आकडे जुळत नाहीत. नोटांची ती दशा १९२३ ची. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. आणि १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मतं मिळाली २.६ टक्के. मग जागतिक मंदी आली, बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली, आणि जुलै १९३२ मध्ये तेच नाझी ३७ टक्क्यांवर पोचले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते ३३ वर घसरले, म्हणजे उतरणीला लागले होते. अशा वेळी राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गच्या भोवतालच्या मंडळींनी, 'आपण याला वापरून घेऊ' म्हणत, हिटलरला खुर्चीवर बसवलं. निव्वळ मतांच्या जोरावर तो कधीच बहुमतात आला नाही. मार्च १९३३ मध्ये दहशतीच्या सावलीतही ४४ टक्क्यांच्या आतच राहिला.

हे सगळं नीट, सावकाश समजावून देणारं पुस्तक म्हणजे रिचर्ड इव्हान्सचं 'द कमिंग ऑफ द थर्ड राइख' (२००३). तीन खंडांतला हा पहिला. एकच जाड पुस्तक वाचायची ताकद असेल तर ती याच्यावर खर्च करा. तहाबद्दलचे गैरसमज घालवायला मार्गारेट मॅकमिलनचं 'पीसमेकर्स' आहे. अमेरिकी आवृत्तीचं नाव 'पॅरिस १९१९'. एकच पुस्तक आहे, दोन समजून दोनदा मागवू नका. मी मागवलं होतं.

पण इव्हान्सच्या आधी एक बारीकसं पुस्तक वाचाच: सेबास्टियन हाफनरचं 'डिफाइंग हिटलर'. हाफनर बर्लिनचा, कायद्याचा उमेदवार. १९३८ मध्ये देश सोडून इंग्लंडला गेला, १९३९ मध्ये हे लिहायला घेतलं आणि अर्धवट ठेवलं. तो वारल्यावर त्याच्या मुलाने हे हस्तलिखित बाहेर काढलं आणि २००० मध्ये ते जर्मनीत छापून आलं. म्हणजे पुढे काय होणार हे ठाऊक नसलेल्या माणसाचं हे लेखन आहे, आणि त्याचं मोल तिथेच आहे. १९२३ मधली त्याच्या घरची पगाराची गोष्ट आहे. वडील सरकारी नोकर. पगार हाती येताच आधी महिन्याचा प्रवासाचा पास काढायचा, मग भल्या पहाटे सगळ्या कुटुंबाने घाऊक बाजार गाठायचा आणि तासाभरात महिन्याचा टिकाऊ किराणा भरायचा. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत घरात पैसा म्हणून नाही.

त्याहून मनात रुतलेला प्रसंग मार्च १९३३ च्या अखेरचा. न्यायालयाच्या ग्रंथालयात तो पुस्तकं उघडून बसलेला. बाहेर आरडाओरडा. तपकिरी गणवेशातली पोरं आत येतात, ज्यू वकिलांना हाकलतात. एक जण याच्या टेबलापाशी येऊन विचारतो, 'तू आर्य आहेस?' आणि विचार करायच्या आत याच्या तोंडून 'हो' निघून जातं. खोटं काहीच नव्हतं, तो होताच. पण 'असल्या प्रश्नाला मी उत्तर दिलं' याची शरम तो पुढे पानभर उगाळतो. हुकूमशाही घरात शिरते ती कशी, यावर मी जे काही वाचलं त्यात याच्या तोडीचं फार थोडं आहे.

नाझी राजवट आणि ड्रेस्डेनचा एक प्राध्यापक

हिटलरचं चरित्र हवं असेल तर मराठीत वाळिंब्यांचं 'हिटलर' आहे. इंग्रजीत इयन केर्शॉचे दोन खंड (१९९८ आणि २०००) आजही माझ्या लेखी सर्वांत भरवशाचे. केर्शॉचा एक मुद्दा आपल्याला चटकन कळतो, कारण आपण सरकारी कचेऱ्या पाहिलेल्या आहेत. हिटलर फार कागद वाचायचा नाही, लेखी हुकूमही कमी द्यायचा. साहेबांना काय आवडेल ते ओळखून खालचे लोक स्वतःहून काम करायचे, आणि जो जास्त टोकाला जाईल त्याची बढती व्हायची.

चरित्राच्या जोडीला व्हिक्टर क्लेम्परर याची रोजनिशी ठेवा. हा ड्रेस्डेनमधला प्राध्यापक, जन्माने ज्यू, बायको एवा 'आर्य'. त्या लग्नामुळेच तो वाचला. रोज लिहायचा, आणि एवा ती पानं एका डॉक्टर मैत्रिणीकडे लपवायला नेऊन द्यायची. सापडली असती तर सगळ्यांचाच जीव गेला असता. त्यात रणांगणं नाहीत. आज फुलं विकत घ्यायला बंदी, उद्या टाइपरायटर जमा करायचा, परवा बागेत बसायचं नाही. मे १९४२ मध्ये ज्यूंनी घरात प्राणी पाळायचे नाहीत असा हुकूम निघतो आणि हे दोघं आपल्या लाडक्या म्यूशेल बोक्याला डॉक्टरकडे नेऊन कायमचं झोपवतात. लाखांचे आकडे वाचून मी कोरडा राहिलो होतो. त्या बोक्यापाशी पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

१३ फेब्रुवारी १९४५ ला क्लेम्पररकडे काम दिलं होतं: शहरात उरलेल्या ज्यूंना 'कामासाठी' हजर होण्याच्या नोटिसा घरोघर पोचवायच्या. त्याचा अर्थ काय, ते देणाऱ्याला ठाऊक होतं आणि घेणाऱ्यालाही. त्याच रात्री इंग्रजांच्या विमानांनी ड्रेस्डेन पेटवलं. त्या धुमाळीत कोटावरचा, ज्यूंना सक्तीचा असलेला पिवळा तारा काढून टाकून तो निसटला. ड्रेस्डेन लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

युद्ध

सिनेमे पाहून आपल्याला वाटतं की युद्ध नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जिंकलं गेलं. जर्मन सैन्याचा कणा मोडला तो पूर्वेला. सोव्हिएत संघाची माणसं मेली सुमारे २ कोटी ७० लाख. म्हणून युद्धावर एकच पुस्तक वाचायचं तर अँटनी बीव्हरचं 'स्टालिनग्राड' (१९९८) वाचा. रशियन दप्तरं उघडल्यानंतरचं आहे. तिथे सुमारे ९१ हजार जर्मन सैनिक कैद झाले आणि त्यांतले जेमतेम ५ हजार मायदेशी परतले.

ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांनी अ‍ॅडम टूझचं 'द वेजेस ऑफ डिस्ट्रक्शन' घ्यावं. 'जर्मन यंत्रसेना' हा शब्द आपण किती भक्तिभावाने उच्चारतो! १९४१ मध्ये रशियात घुसताना त्या सैन्याबरोबर ६ लाखांहून जास्त घोडे होते. ज्यांना इतकं जाड नको त्यांनी वीणा गवाणकरांचं 'लीझ माइट्नर' वाचावं. अणुविखंडनाचा अर्थ लावणाऱ्या या बाईला जुलै १९३८ मध्ये बर्लिनमधून पळून जावं लागलं.

जी पुस्तकं एका दमात वाचू नयेत

ज्यूंच्या संहारावरचं वाचन शेवटी ठेवा, आणि दोन पुस्तकांच्या मधे काहीतरी हलकं घ्या. अ‍ॅन फ्रँकची रोजनिशी बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते, ती मराठीतही आहे. प्रिमो लेव्ही या इटालियन रसायनशास्त्रज्ञाचं 'इफ धिस इज अ मॅन' हे आउश्वित्सच्या मृत्युछावणीच्या आतलं, आवाज न चढवता सांगितलेलं.

ख्रिस्तोफर ब्राउनिंगचं 'ऑर्डिनरी मेन' (१९९२) मात्र चुकवू नका. हाम्बुर्गची राखीव पोलिसांची १०१ क्रमांकाची तुकडी, सुमारे ५०० माणसं. बहुतेक मध्यमवयीन, गोदीत नाहीतर कारकुनीत राबलेली, घरी बायकापोरं असलेली. १३ जुलै १९४२ च्या पहाटे पोलंडमधल्या युझेफुफ गावाबाहेर त्यांचा मेजर ट्राप डोळ्यांत पाणी आणून सांगतो की गावातल्या ज्यूंना मारायचं आहे. वयाने मोठे असलेल्यांपैकी ज्यांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. डझनभर लोक पुढे येतात. बाकीच्यांनी दिवसभरात सुमारे १५०० माणसं मारली. वीस वर्षांनी झालेल्या चौकशीतल्या जबान्यांवर हे पुस्तक उभं आहे.

दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचं असेल तर

मागची पानं आधी उघडा. संदर्भ टिपा आहेत का? त्यांत मूळ दप्तरांची नावं आहेत, की दहा जुन्या पुस्तकांचीच? मग सूचीत 'आउश्वित्स' आणि 'वानझे' (ज्यूंच्या संहाराची आखणी झाली ती बर्लिनजवळची बैठक) शोधा. रशियावरच्या चढाईचं ५०० पानी पुस्तक आणि त्यात ज्यूंच्या हत्याकांडाला दोन पानं असतील, तर लेखकाने काहीतरी सतरंजीखाली सारलं आहे. जर्मन सेनापतींच्या आठवणी बहुतेक अशाच असतात. मानश्टाइनचं 'लॉस्ट व्हिक्टरीज' वाचताना वाटतं, सगळ्या चुका हिटलरच्या आणि सगळी हुशारी यांची.

अल्बेर्ट श्पेअर हा तर या कलेतला उस्ताद. हिटलरचा वास्तुविशारद आणि नंतरचा शस्त्रास्त्रमंत्री, २० वर्षं तुरुंगात काढून १९६६ मध्ये सुटला आणि १९६९ मध्ये आठवणी लिहून श्रीमंत झाला. 'संहाराचं मला ठाऊक नव्हतं' हा त्याचा पवित्रा. पुस्तक देखणं आहे. वाचा, पण खिसा सांभाळून.

आता ड्रेस्डेन. डेव्हिड आयर्विंग नावाच्या इंग्रज लेखकाने १९६३ मध्ये त्या बॉम्बहल्ल्यावर पुस्तक लिहिलं आणि मृतांचा आकडा १ लाख ३५ हजार दिला. पुढे बनावट निघालेल्या एका कागदाच्या आधारे तो अडीच लाखांपर्यंतही गेला. ड्रेस्डेन शहराने नेमलेल्या इतिहासकारांच्या समितीने २०१० मध्ये निष्कर्ष दिला: जास्तीत जास्त २५ हजार. दरम्यान, ज्यूंचा संहार नाकारणारा म्हटल्याबद्दल आयर्विंगने डेबोरा लिपस्टॅट या प्राध्यापिकेवर लंडनमध्ये दावा लावला आणि २००० मध्ये तो हरला. त्या खटल्यात रिचर्ड इव्हान्सने त्याच्या पुस्तकांतली एकेक तळटीप मूळ कागदाशी ताडून पाहिली होती. मोठे आकडे अजून फिरत असतात. कुणी पाठवला तर आकड्याशी वाद घालत बसू नका, तो कुठून आला ते विचारा.

आणि हो, 'माइन काम्फ'. आपल्या फुटपाथवर ते स्वविकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं आणि नवखा वाचक पहिल्यांदा तेच उचलतो. उचलू नका. एक तर ते कमालीचं कंटाळवाणं आहे. शिवाय टिपांशिवाय त्यातलं खोटं कुठलं आणि अर्धवट कुठलं हे कळायला मार्ग नाही. म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने २०१६ मध्ये त्याची सटीप जर्मन आवृत्ती काढली. ती दोन खंड आणि सुमारे २००० पानं झाली, टिपा साडेतीन हजारांवर.

आपली माणसं

शेवटचा टप्पा, आणि खरं तर इथून उलट दिशेने सुरुवात केली तरी चालेल. रायगड जिल्ह्यात माणगावला यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. मुंबई-गोव्याच्या वाटेवर शेकडो गाड्या तिथून जातात. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे नाईक १० जुलै १९४४ ला इटलीत जर्मन मशिनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच इटलीत सेनियो नदीकाठी ९ एप्रिल १९४५ ला नामदेव जाधवांनी तोच मान मिळवला, आणि ते जिवंत परतले. ही माणसं तिथे कशी पोचली, त्यांच्या मागे २५ लाखांची भारतीय फौज कशी उभी राहिली आणि घरी त्याची काय किंमत मोजावी लागली, हे श्रीनाथ राघवन यांच्या 'इंडियाज वॉर' (२०१६) मध्ये आहे.

पहिल्या युद्धासाठी डेव्हिड ओमिसी यांनी संपादित केलेला भारतीय सैनिकांच्या पत्रांचा संग्रह शोधा, 'इंडियन व्हॉइसेस ऑफ द ग्रेट वॉर'. फ्रान्सच्या आघाडीवरून घरी लिहिलेली ही पत्रं. सेन्सॉर वाचणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून एक जण मसाल्याच्या डब्याच्या भाषेत लिहितो: काळी मिरी संपली आहे, आता लाल मिरची वापरतात, पण अधूनमधून काळी मिरीही कामी येते. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. सेन्सॉरला ते कळलं. त्याने त्या ओळी इंग्रजीत उतरवून आपल्या अहवालात लावल्या, म्हणून आज त्या वाचायला मिळतात.